सूर्याच्या टाइप थ्री बर्स्टची रेघ खाली का घसरते?

सातरस्ता_रेडिओ
गौरीबिदनूरच्या कॅलिस्टोचे (सूर्याचा रेडिओ टिपणारं यंत्र) स्पेक्ट्रम (आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी) नेटवर बघत होतो, टाइप थ्री बर्स्टची, म्हणजे सूर्याकडनं येणाऱ्या छोट्या रेडिओ झटक्याची, एक तिरकी रेघ दिसली, काही सेकंदांत वरनं खाली घसरलेली. नोट्समध्ये एकच ओळ, इलेक्ट्रॉन बीममुळं (सूर्याकडनं सुटलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोतामुळं) होतं. पण इलेक्ट्रॉन सरळ पळालेत तर रेडिओ वेव्ह आली कुठनं? आणि फ्रिक्वेन्सी उतरते म्हणजे ते स्लो होतात का ओ?

होटगीरोड_काका
स्लो नाही होत. फ्रिक्वेन्सी बीमची नसतीच, तो ज्या प्लाझ्मातनं (सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या वायूतनं) चाललाय त्याची असती. एका घनसेंटिमीटरमधल्या इलेक्ट्रॉनच्या संख्येचं वर्गमूळ काढा, 9 नं गुणा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये. कोरोनात (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणात) 10 कोटी धरले तर 90 मेगाहर्ट्झ, पृथ्वीजवळ 5-10च उरतात म्हणजे 20 ते 30 किलोहर्ट्झ. बीम लांब जाईल तसा प्लाझ्मा विरळ, रेघ खाली.

वेव्हचं म्हणाल तर, जोरातले इलेक्ट्रॉन पुढं निघून येतात त्यामुळं तिथं स्लोपेक्षा फास्टवाले जास्त होतात. प्लाझ्मातल्या लँगम्युअर वेव्हपेक्षा (इलेक्ट्रॉनांच्या एकत्र हेलकाव्याची लाट) थोडा फास्ट असलेला इलेक्ट्रॉन तिला एनर्जी देतो, थोडा स्लो असलेला तिच्याकडनं काढून घेतो. गड्ड्याच्या जत्रेतल्या झोक्यासारखं, ढकलणारे जास्त नि अडवणारे कमी, मग झोका चढतच जातो. पण ही वेव्ह प्लाझ्मातच अडकलेली असती, बाहेर पडत नाही. ती आयनांच्या हालचालीवर विखुरली की त्याच फ्रिक्वेन्सीचा रेडिओ निघतो, आणि समोरासमोरच्या दोन मिसळल्या की दुप्पट फ्रिक्वेन्सीचा. गिन्झबर्ग आणि झेलेझन्याकोव्ह या शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये मांडलेलं हे, अजून पाया तोच आहे.

प्लाझ्मा_पोट्टा
काका, वेव्ह एवढी भराभर वाढती तर बीम सूर्यापाशीच संपायला पाहिजे की?

होटगीरोड_काका
लय भारी विचारलास! स्टरॉक या शास्त्रज्ञानी 1964 मध्ये हेच विचारलं होतं. झालंय असं की बीमच्या पुढच्या इलेक्ट्रॉननी सोडलेली एनर्जी मागून येणारे परत शोषून घेतात, शिवाय प्लाझ्माची घनता जागोजागी कमीजास्त असल्यानं वेव्ह आणि बीमची जुळणी मोडत राहती, म्हणून तो पृथ्वीच्या पुढंही जातो. तिथली रेघ मात्र विंडसारख्या यानालाच दिसती, आयनोस्फिअर (पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) साधारण 10 मेगाहर्ट्झच्या खालचं आत येऊ देत नाही.

सातरस्ता_रेडिओ
मग गच्चीवरनं काय ऐकू येईल का?

प्लाझ्मा_पोट्टा
येतंय की, 20 मेगाहर्ट्झच्या आसपास एएमवर, दिवसा, सुस्स करून आवाज चढतो नि काही सेकंदांत उतरतो. फक्त शेजारी पॉवरलूम असंल तर रविवारी लाव, नायतर मोटारींचा खरखराटच रेकॉर्ड करत बसशील.