जॉर्डनचा डाना ते पेट्रा ट्रेक – गुडघे, एक्स्पोजर (दरीच्या कडेची उघडी वाट) आणि पाणी याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरअखेर मी, नवरा आणि माझी मोठी नणंद असे तिघं एका ग्रुपबरोबर डाना ते पेट्रा करायचं म्हणतोय, 5 दिवस, साधारण 75-80 किमी, बेदुइन (तिथले वाळवंटी भटके लोक) गाईड, रात्री तंबूत. इथे कोणी केलाय का? आयोजकांना विचारलं की प्रत्येक मेसेजला एकच उत्तर, "मॅम डोन्ट वरी, ईझी टू मॉडरेट". मॉडरेट म्हणजे नेमकं काय ते कोणी सांगेना.

मुख्य काळजी वन्संची. वय 61, दम भरपूर, चढावर आमच्या पुढे असतात, पण उतारावर उजवा गुडघा बोलतो. राजगडावरून उतरताना त्या सरळ उतरतच नाहीत, खेकड्यासारख्या आडव्या, एक हात काठीवर एक कातळावर. आणि इथे तर पहिलाच दिवस उताराचा, डाना गाव जवळपास 1200 मीटरवर आणि मुक्काम खाली फेनानला, म्हणजे साधारण 900 मीटर उतार एका दिवसात. वाट रुंद आहे म्हणतात, पण घसारा किती? आपल्याकडच्यासारखा मुरमाड की मोठे सुटे दगड? पोल दोन न्यावेत की एकच पुरे?

मग शेवटी पेट्राला आपण पुढून त्या प्रसिद्ध घळीतून जात नाही, लिटल पेट्राकडून मागच्या बाजूने थेट मॉनेस्टरीशी (पेट्रातली कातळात कोरलेली मोठी वास्तू) निघतो. व्हिडिओत बघितलं तर कड्याच्या पोटातून कोरलेल्या पायऱ्या आणि अरुंद आडवी वाट, एका बाजूला खोल दरी, रेलिंग वगैरे काही दिसत नाही. वन्संना उंचीची भीती नाही, मला आहे (हसू नका). हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून डोकावणाऱ्यांतली मी, तर मला जमेल का? आणि मॉनेस्टरी झाली की पुढे 800 च्या वर पायऱ्या उतरायच्या, त्यानंतर वाडी मुसापर्यंत (पेट्राशेजारचं गाव) चाल, म्हणजे गुडघ्याचा हिशोब तिथे परत.

पाण्याचं पण सांगा. सह्याद्रीत टाकं नाहीतर एखाद्या ताईंचं लिंबू सरबत असतंच, तिथे प्रत्येकाने 4-5 लिटर पाठीवर घ्यायचं असं वाचलं. सामान जीपने पुढे जातं म्हणे, पण ती मुक्कामालाच भेटते की मध्ये कुठे? वन्संचा गुडघा तिसऱ्या दिवशी बसलाच तर त्यांना मध्येच गाडीत घालता येईल असे पॉइंट कुठले, हे ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज नीट लिहा, माझा खरा प्रश्न हाच आहे. तिसरा दिवस सगळ्यात अवघड असं दोघातिघांकडून ऐकलंय.

ऑक्टोबरअखेर अचानक पाऊस आला तर वाडीत (म्हणजे तिथल्या कोरड्या नदीपात्रात) लोंढा येतो तेव्हा गाईड लोक मार्ग बदलतात का, की आयटिनरी ती आयटिनरी?

जॉर्डन पास घेतोय, व्हिसाची फी पण सुटते आणि पेट्राचं तिकीट त्यातच. मागच्या वाटेने शिरताना तो फोनवर दाखवला तर चालतो की वाडी मुसाच्या काउंटरवर आधी जावं लागतं?

वन्सं शुद्ध शाकाहारी. डाळीचं सूप, हमस, रोटी यावर निभेल असं वाटतं, तरी मेतकूट आणि दशम्या नेणारच आहोत. इलेक्ट्रॉल किती पुड्या धरू माणशी?

उरलेले पैसे शुक्रवारपर्यंत भरायचेत, तेव्हा वन्संचं नाव ठेवू की त्यांना फेनानपासून गाडीने पुढे पाठवायची सोय आधीच मागून घेऊ, तेवढं तरी त्याआधी सांगा.