दुसऱ्यांची पोरं शहाणी, आपलंच कार्टं असं का? (अनुभव लिहा गं)

जुनी_खोड : काल आमच्या सोसायटीत बोरन्हाण झालं. पाच मुलं ओळीने पाटावर, काळे कपडे, हलव्याचे दागिने, आणि सहावी जिन्यात. हिने मुकुट फेकला, बाजूबंद चावून खाल्ला आणि "नाऽऽही" करत जी सुटली ती थेट दुसऱ्या मजल्यावर. तिची आई पायरीवर बसून विखुरलेला हलवा वेचत होती. वर न बघता म्हणाली, "बाकीच्यांची कशी बसतात हो?"

माझ्या पोटात कालवलं. १७ वर्षांपूर्वी मी हेच केलंय, अगदी हेच. लेक अडीच वर्षांची होती, तिनेही मुकुट भिरकावला होता. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिच्याहून चार दिवसांनी लहान मुलगी होती. "बस" म्हटलं की बसायची ती! रात्री नऊच्या ठोक्याला त्यांच्या बेडरूमचा दिवा बंद. आमची साडेअकराला कपाटाच्या कप्प्यात चढून बसलेली. मी ओट्याशी उभी राहून तो बंद दिवा बघत राहायचे. नवरा विचारायचा, काय बघतेस? काय सांगणार, अंधार बघतेय?

काल तिच्या आईला काही बोलले नाही. शेजारी बसून हलवा वेचू लागले. तुमचे लिहा.

दोन_धटिंगण : कपाटाच्या कप्प्यात 😂 आमचा वॉशिंग मशीनच्या मागे. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सातची_लोकल : डब्याचे फोटो टाकणाऱ्या आयांना ग्रुपमधून काढायचा काही मार्ग आहे का? एकीच्या डब्यात काकडीची फुलं, बीटाचे तारे. माझा मुलगा १४ महिने रोज पोळी-गूळ नेतोय. पोळीचा रोल उलगडलेला चालत नाही, गूळ दिसलेला चालत नाही. उत्तर लिहू नका, माहितीये, "सगळ्यांसोबत बसवा, खाईल". खात नाही. बसतही नाही.

घास_भरव : माझी समोरच्या बिल्डिंगमध्ये नव्हती, स्वयंपाकघरातच होती. जाऊबाई. एकत्र कुटुंब, सांगली. त्यांचा मुलगा मांडी घालून वरणभात, कारलं, दुधी, सगळं निमूट खायचा. माझी घास गालात धरून बसायची, एकेक घास वीस मिनिटं. सासूबाई म्हणायच्या, "त्याचं बघ, नि हिचं बघ." अंगणवाडीतल्या कार्डावर त्याचा ठिपका हिरव्यात, हिचा पिवळ्यात. ते कार्ड मी साड्यांच्या खाली लपवून ठेवलं होतं.

एके दिवशी पाहुणे होते. दीड तास झाला. मी फाडकन मारली. गालातला घास उडून देव्हाऱ्यातल्या अंबाबाईच्या तसबिरीवर. सगळे गप्प. जाऊबाई उठल्या, ओल्या फडक्याने काच पुसली, कुंकू परत लावलं, आणि माझ्या मुलीला कडेवर घेऊन बाहेर गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या न बोलण्याचा राग मला आज १२ वर्षांनीही येतो, आणि त्या रागाची लाजही. त्यांना कधी सांगितलं नाही. मुलगी आता सगळं खाते, कारलं सोडून.

दोन_धटिंगण : घास_भरव, बाई गं. 🫂

सातची_लोकल : कार्ड साड्यांखाली... मी शाळेचं प्रगतिपुस्तक पिठाच्या डब्याखाली ठेवते.

एकटा_बाबा : आयांच्या धाग्यात घुसतोय, माफी. मुलगा ४ वर्षांचा, घसरगुंडीवरून उलटाच चढणार, खाली आठ मुलं खोळंबलेली. बायको बरोबर असली की कट्ट्यावरच्या बायका तिला सांगतात, "जरा शिस्त लावा." मी एकटा घेऊन गेलो की त्याच बायका म्हणतात, "किती करतात हो मुलाचं!" मुलगा तोच, घसरगुंडीही तीच. हे मी घरी सांगितलं. नको होतं सांगायला.

जुनी_खोड : @एकटा_बाबा 😂😂 जेवण मिळालं का रात्री?

एकटा_बाबा : पोळी-गूळ.

पुस्तकी_किडा : अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे डॉक्टर जोडपं. १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सव्वाशेच्या वर मुलं तान्ही असल्यापासून पुढे वर्षानुवर्षं पाहिली. साधारण ४० टक्के सोपी, १५ टक्के हळूहळू रुळणारी, १० टक्के अवघड, बाकीची कशातच न बसणारी. म्हणजे स्वभाव बराचसा मूल येतानाच घेऊन येतं. त्यांचा रोख आईबापांच्या माथी खापर फोडण्याच्या विरुद्धच होता. मूल आणि घर एकमेकांशी कसं जुळतं, त्याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं.

दोन_धटिंगण : दहा टक्के? मग दोन्ही माझ्याच घरी कसे? आणि हे सासूबाईंना वाचून दाखवू का?

बालवाडीवाली_आजी : मी २६ वर्षं बालवाडी चालवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम बघायला कोसबाडला गेले होते, तेव्हापासून खाली बसून मुलांकडे बघायची सवय लागली. निमूट बसणाऱ्या मुलांकडे माझं आधी लक्ष जायचं, की हे का बोलत नाही? दंगेखोराचं काय ते समोर दिसतं. आया मात्र घ्यायला आल्या की नेमकं उलट. हट्टी मुलांच्या आया बाहेर चपला घालताना एकमेकींची नजर चुकवायच्या. बाकी माझा स्वतःचा मुलगा महाहट्टी होता, त्याला मी रोज बहिणीच्या मुलाचं उदाहरण द्यायचे. बालवाडीतलं शहाणपण घरी नव्हतं.

न्यूजर्सी_काकू : इथे प्लेडेट म्हणून आया जमतात. आमची भर पार्कात मराठीत किंचाळते, "मला नको! तूच खा!" बाकीच्यांना कळत नाही, एवढंच सुख. बाय द वे तिकडे हलव्याचे दागिने पार्सलने मागवता येतात का? मागच्या वर्षीचे चुरा होऊन आले.

सातची_लोकल : काकू, घरी करा. मंद आचेवर तीळ, वरून थोडा थोडा पाक, आणि हाताने सारखं हलवायचं. पहिल्या दिवशी काही दिसत नाही, चिकाटी लागते. काटा आला की मग पुठ्ठ्यावर दोऱ्याने ओवायचा.

न्यूजर्सी_काकू : दिवसभर तीळ हलवू? ही पोरगी घरात असताना?

घास_भरव : 😂 तिलाच बसवा हलवायला.

जुनी_खोड : आत्ता लेकीने मागे उभं राहून सगळा धागा वाचला. (हॉस्टेलवरून आलीये, कपडे धुवायला.) म्हणते, "आई, तो मुकुट टोचत होता." मी म्हटलं, तुला कसं आठवेल, अडीच वर्षांची होतीस. म्हणते, "कानामागे टोचत होता. तू सारखी म्हणत होतीस, ती बघ कशी बसलीये."

दोन_धटिंगण : कुकर झाला, आले. काय काय लिहिलंत गं? आणि कालची उरलेली बोरं काय करायची, चार किलो आहेत.

बालवाडीवाली_आजी : वाळवून ठेव. मीठ लाव आधी.