टरफल नाही म्हणजे मुंगूस नव्हे

खुराड्यातली कोंबडीची अंडी गेली, टरफलही नाही, की सगळे मुंगसाला धरतात. पण मुंगूस अंडं फोडून खातो, टरफलं मागे राहतात. अख्खं अंडं गिळतो तो साप. सोलापूर-मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात बहुधा नाग किंवा धामण. डोकं-मान ओलीचिंब, पिसं चपटी बसलेलं मेलेलं पिल्लू सापडलं, तर सापाने गिळायला घेऊन सोडलंय असं समजा.

षटकोनी कोंबडीजाळी इथे कुचकामी. पाऊण इंची भोकातून सापाचं पोर आरामात शिरतं, आणि पिल्लू गिळल्यावर फुगलेल्या पोटामुळे तिथेच अडकतं. पाव इंची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी भोकांची लोखंडी जाळी) लावा: खाली एक फूट जमिनीत, वर छपरापर्यंत, दाराखालची फटही बंद. नायलॉनची जाळी नको, तीत साप गुरफटून मरतो.

डांबरगोळ्या, फिनेल यांनी काही होत नाही. सांडलेलं धान्य रोज संध्याकाळी झाडा. त्यावर उंदीर येतात, उंदरांमागे धामण. उन्हाळ्यात पाण्याचं भांडं रात्री खुराड्याशेजारी ठेवू नका.

चिमण्यांसाठी घरट्याची पेटी भिंतीवर किंवा झाडावर असेल तर धामण पोचणारच. गुळगुळीत लोखंडी खांबावर, फांद्यांपासून सहा फूट लांब लावा.

आत नाग दिसला तर काठी नको, सर्पमित्राला बोलवा.