वर्षभराचं टाचण एका पीडीएफमध्ये: घ्यावं की नाही?

खडूपेटी, करवीर
काल आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या गटावर एक पीडीएफ फिरली. पहिली ते चौथी, सगळे विषय, वर्षभराचं दैनिक टाचण (कुठल्या तासाला काय आणि कसं शिकवायचं त्याची नोंद), सोबत कृतिपत्रिका आणि अक्षरकार्डं. खाली एकानं लिहिलं होतं, 'टाचण म्हणजे कागद भरणं. छापा, सही घ्या, शिकवायला मोकळे व्हा.' त्याला इतके अंगठे मिळाले की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. तयार टाचण घेऊन वर्गात जाणारा शिक्षक तयारी न करता जातो, हे माझं मत. कारणं फाईलमधूनच देतो.

तिसरीचा परिसर अभ्यास उघडा. हे पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं असतं आणि फाईलमधलं टाचण दुसऱ्याच जिल्ह्याच्या पुस्तकावरून बनवलंय. नद्यांच्या पाठाला त्यात गोदावरी आणि प्रवरा आहेत. आपल्या पोरांच्या पुढ्यात पंचगंगा आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीपासून ती होते, आणि प्रयाग चिखलीचा संगम पोरांना प्रत्यक्ष नेऊन दाखवता येतो. छापून सही घेतली तर वहीत गोदावरी आणि फळ्यावर भोगावती.

पहिलीची मराठी त्याहून वाईट. 'अ अननसाचा'पासून सुरुवात, रोज दोन अक्षरं, वर्णमालेच्या क्रमानं. सगळे स्वर संपले तरी 'आई' सोडून पोराला धड शब्द वाचता येत नाही. म, क, न, ल आणि काना एवढी पाच चिन्हं आधी घेतली तर कान, नाक, मका, काम, लाल, कमल, मामा, काका असे डझनभर शब्द पोर स्वतः जुळवतं.

दुसरीची वजाबाकी तर मुळातच फसली आहे. हातच्याच्या वजाबाकीला दहा उदाहरणं दिलीत, त्यातल्या सातांत वरचा एकक मोठा. म्हणजे दशकाची मोळी (दहा काड्यांचा जुडगा) सोडायची वेळच येत नाही. 'मोठ्यातून लहान घालवायचं' एवढंच समजलेलं पोर 32 वजा 17 करताना 7 मधून 2 घालवतं आणि 25 लिहितं. त्या सातही उदाहरणांत त्याचं उत्तर बरोबर येतं, त्यामुळे चूक झाकलेलीच राहते. ज्यानं स्वतः उदाहरणं काढली असती त्याला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दुर्गमवाडी, गगनबावडा
सर, चुका दाखवल्यात त्या मान्य. 'तयारी न करता जातो' हा ठपका मान्य नाही, आणि तो वाचून संताप आला हे स्पष्ट सांगतो.

द्विशिक्षकी शाळेचा हिशोब मांडा. एकाकडे पहिली-दुसरी. मराठी, गणित, इंग्रजी गुणिले दोन, म्हणजे रोज सहा टाचणं. दुसऱ्याकडे तिसरी-चौथी, परिसर अभ्यास धरून आठ. एका टाचणाला हातानं लिहायला दहा मिनिटं धरली तर 80 मिनिटं, रोज. त्यावर पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहित्या. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याला 45 तास आहेत आणि त्यात तयारीचा वेळ धरलाय. तो वेळ कुठल्या शाळेच्या वेळापत्रकात छापलेला दिसतो? मग ही 80 मिनिटं घरच्या जेवणाच्या वेळेतून येतात.

आणि हाती लिहिलेलं टाचण म्हणजे विचार करून लिहिलेलं, हे कुणी ठरवलं? निम्म्या वह्या गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेल्या असतात. छापील उतारा पाप आणि हातानं केलेला उतारा पुण्य, हे मला मान्य नाही.

केंद्रसभा, हातकणंगले
दुर्गमवाडी सरांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. तपासणीला येणारा आधी वही मागतो. तारखा सलग आहेत का, रकाने भरलेत का, अध्ययन निष्पत्तीचा (पोराला काय यायला हवं त्याचा) क्रमांक घातलाय का. पोरं किती वाचतात हे विचारायला त्याच्याकडे पाच मिनिटं उरतात. रविवारची तारीख चुकून पडली म्हणून लाल शेरा मिळतो. चौथीतलं पोर दुसरीचा उतारा अडखळत वाचतं, त्यावर शेरा नाही. जोवर सही वहीच्या जाडीवर मिळते तोवर पीडीएफ खपणारच. शिक्षकाला बोल लावण्याआधी ही तपासणीची पद्धत बदला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हा विषय घ्या म्हटलं की सगळे खाली बघतात.

खडूपेटी, करवीर
तपासणीबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं खरं. तरी दुर्गमवाडी सरांना एक विचारतो. ही फाईल तुमच्या शाळेला तरी बसते का? त्यातलं प्रत्येक टाचण 40 मिनिटं एकाच वर्गापुढे उभ्या असलेल्या शिक्षकासाठी आहे. दोन वर्ग एकत्र असले की तास दोन पट्ट्यांत चालतो. पंधरा मिनिटं दुसरीला नवीन घटक, तेवढा वेळ पहिली शब्दकार्डं जुळवत बसते, मग अदलाबदल. 'या वेळी दुसरा वर्ग काय करतो' हा रकाना फाईलमध्ये कुठेच नाही. ज्यांच्यावर ओझं सर्वांत जास्त, त्यांच्याच उपयोगाची ती नाही.

हिरण्यकेशी, गडहिंग्लज
फाईलवर सरसकट फुली मारू नका. दुसरीच्या संख्यावाचनाचं टाचण त्यात चांगलं आहे. 21 ते 99 साठी 'वीस एक, वीस दोन' आधी आणि 'एकवीस, बावीस' नंतर. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हे आलं तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, पण वर्गात ते उपयोगी पडतं.

आपल्या सीमाभागात तर जास्तच. गडहिंग्लज, शिरोळकडे बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. कन्नडमध्ये 21 म्हणजे इप्पत्तोंदु. आधी इप्पत्तु म्हणजे वीस, मग ओंदु म्हणजे एक. 57 म्हणजे ऐवत्तेळु, आधी पन्नास, मग सात. संख्या लिहितात त्याच क्रमानं बोलतात. ते पोर मराठी शाळेत येतं आणि 'सत्तावन्न' ऐकतं. कानावर आधी 'सत्ता' पडतं, म्हणून आधी 7 लिहितं, मग 5. झाले 75. घरी मराठी बोलणारी पोरंसुद्धा हेच करतात.

पाटीपुस्तक, कोल्हापूर शहर
हे वाचून राहवत नाही. 'वीस एक' ही भाषेची नासाडी आहे. एसटीचा कंडक्टर 'पन्नास सात रुपये द्या' म्हणत नाही. गुळाच्या सौद्यात, भाजीच्या पाटीपुढे, घरी आजीच्या तोंडी सत्तावन्नच असतं. पोर शाळेत एक शिकणार आणि गल्लीत दुसरं ऐकणार. पिढ्यान्‌पिढ्या पोरं पाढे म्हणत मोठी झाली, त्यांना 57 लिहिता आले ना? अडचण शब्दात नाही, सराव बंद झाला त्यात आहे. तोंडी पाठांतर सोडलं आणि आता शब्दांवर खापर फोडताय.

हिरण्यकेशी, गडहिंग्लज
नासाडी हा शब्द मागे घ्या, सर. जुनी नावं पुस्तकातून काढलीच नव्हती, दोन्ही होती. सत्तावन्न बोलायचं नाही असं इथेही कुणी म्हटलेलं नाही. क्रम काय ठेवायचा एवढाच वाद आहे. तो क्रम नीट सांगते.

गणितमाळ घ्या. 100 मणी, दहा लाल, दहा पिवळे, पुन्हा दहा लाल. मणी 2 सेंटिमीटरचे असतील तर माळ 2 मीटरची होते, दोरी अडीच मीटर कापा. ढील ठेवली नाही तर मणी सरकत नाहीत आणि माळ नुसती शोभेची होते. खुणेला कपड्याचा चिमटा. 57 दाखवताना पाच रंगपट्टे एकदम सरकवायचे, एक-एक मणी मोजायचा नाही, मग सात सुटे. पोरानं म्हणायचं, 'पाच दहा आणि सात, पन्नास सात'. म्हणता म्हणता लिहायचं. हे पक्कं झालं की त्याच जागी चिमटा ठेवून 'सत्तावन्न'.

आता पाठांतराबद्दल. एकोणसाठ घ्या. पोर 'साठ' ऐकतं आणि 69 किंवा 61 लिहितं. पाठांतर करणारं पोर क्रमानं म्हणताना चुकत नाही, मधलीच संख्या विचारली की अडतं. माळेवर 60 ला चिमटा लावून एक मणी मागे आणला की 'एकोण' म्हणजे एक उणा हे डोळ्याला दिसतं. 19 पासून 79 पर्यंत हे चालतं. पुढे 89 ला एकोणनव्वद आणि नव्याऐंशी दोन्ही म्हणतात, आणि 99 ला नियम मोडतो, ते नव्व्याण्णव. ही दोन वेगळी शिकवावी लागतात. फाईलमध्ये याची नोंद नाही, ती उणीव मान्य.

पाटीपुस्तक, कोल्हापूर शहर
एकोणचं म्हणणं पटलं, तेवढंच. 'नासाडी' जरा जास्त झालं, तो शब्द मागे. पण तुमचा क्रम दोन आठवडे जास्त खातो, त्याचं काय? आणि आई-वडील घरी 'एकवीस' म्हणून अभ्यास घेतात, पोर 'वीस एक' म्हणतं, मग पालक शाळेत भांडायला येतात. पहिल्याच पालकसभेत माळ दाखवून दोन्ही नावं समजावली नाहीत तर हे फसणार. दुसरं, माळेवर वाचन होतं, वजाबाकी होत नाही. वजाबाकीला काड्याच लागतात.

हिरण्यकेशी, गडहिंग्लज
मागे-पुढे उड्या मारत माळेवर वजाबाकीही होते. मात्र हातच्यासाठी काड्याच बऱ्या, कारण मोळी सोडताना दिसते. इथे तुमचं बरोबर.

कात्रीडिंक, कागल
काड्यांचा विषय निघालाच आहे तर साहित्यावर बोलतो, कारण फाईलमध्ये 'साहित्य: काड्या' एवढंच लिहून सोडलंय. चार पोरांच्या गटाला 100 काड्या. खराट्याच्या काड्या सगळीकडे मिळतात, पण एका मापाच्या कापा, नाहीतर मोळी सैल बसते. बांधायला रबरबँड घेऊ नका, पावसाळ्यात चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा, वर्षानुवर्षे टिकतात. शंभराच्या गठ्ठ्याला स्कूटरच्या ट्यूबचा काप. मोळ्या शिक्षकानं बांधून ठेवायच्या नाहीत. पोरानं दहा मोजून स्वतः बांधली नाही तर त्याच्या लेखी ती एक जाड काडीच राहते.

कार्डांचं सांगतो. फाईलमधली अक्षरकार्डं 80 जीएसएमच्या (नेहमीच्या पातळ) कागदावर छापून तशीच लॅमिनेट केली तर वळतात आणि मागचं दिसतं. 250 च्या पुढचा कार्डपेपर घ्या. आधी कापा, मग लॅमिनेट करा, आणि भोवती 3-4 मिलिमीटर प्लॅस्टिक सोडून पुन्हा कापा. अख्खं पान लॅमिनेट करून मग तुकडे केले तर कडा उघड्या राहतात. गगनबावड्याच्या पावसात आठ दिवसांत ओल शिरते आणि इंकजेटची शाई पसरते. कोपरे गोल करा, टोकदार कोपऱ्यापासूनच प्लॅस्टिक सुटतं. मागच्या बाकावरून वाचायचं तर अक्षर 6-7 सेंटिमीटर उंच हवं, फाईलमधलं 3 चं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, ल आणि श. फाईलमधले दोन्ही हिंदी वळणाचे आहेत. 2009 च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलेत, पाठ्यपुस्तकात तेच आहेत. पहिलीच्या पोरासमोर कार्डावर एक ल आणि पुस्तकात दुसरा ठेवला तर ते दोन वेगळी अक्षरं समजतं. टंक बदलून पुन्हा छापा किंवा ती दोन कार्डं हातानं लिहा.

दुर्गमवाडी, गगनबावडा
खडूपेटी सर, आता खरं सांगा. वर एवढ्या दुरुस्त्या झाल्या, त्या फाईल समोर होती म्हणूनच झाल्या ना? कोऱ्या पानापासून सुरू केलं असतं तर नव्या शिक्षकाला ल-श चं किंवा 32 वजा 17 चं सुचलं असतं का?

खडूपेटी, करवीर
नसतं सुचलं. हे मान्य करायला जड जातंय, पण खरं आहे. 'तयारी न करता' हे शब्द मी सरसकट वापरले, ती चूक. माझा विरोध न वाचता छापण्याला आहे, तो कायम.

मग असं करा. छापील टाचण वहीच्या डाव्या पानावर चिकटवा. लागू नाही ते पेनानं खोडा, खोडलेलं दिसू द्या. उजव्या पानावर फक्त चार ओळी हातानं. आज कुठली उदाहरणं किंवा शब्द बदलले. दुसरा वर्ग त्या वेळी काय करणार. कोणती पोरं मागे आहेत आणि कशात. चौथी ओळ तास संपल्यावर, काय फसलं आणि का. एका टाचणाला तीन मिनिटं. तुमची आठ टाचणं 24 मिनिटांत होतात.

दुर्गमवाडी, गगनबावडा
24 मिनिटं जमतील. पण खाडाखोड केलेल्या पानावर सही मिळेल का, ते केंद्रसभा सरांनी सांगावं.

केंद्रसभा, हातकणंगले
आज एकट्यानं नेली तर मिळणार नाही. केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकाच महिन्यात अशाच वह्या ठेवल्या तर नाकारणं अवघड जाईल. पुढच्या परिषदेत मी मांडतो. मागे एक-दोघं तरी उभे राहा.

पाटीपुस्तक, कोल्हापूर शहर
मी येतो. खडूपेटी, तोवर ती वजाबाकीची दहा उदाहरणं तुम्हीच बदलून द्या.

खडूपेटी, करवीर
घ्या. पहिल्या दिवशी काड्या घेऊन फक्त तीन: 32-17, 43-18, 61-35. तिन्हींत मोळी सोडावीच लागते. 'शेजाऱ्याकडून एक घे' असं म्हणू नका, 'एक मोळी सोड, दहा सुट्या झाल्या' म्हणा. दुसऱ्या दिवशी शून्याची: 50-23, 40-7, 80-46. इथे पोरं 50-23 ला 33 आणि 40-7 ला 47 लिहितात. 47 आलं तर 'होत्या त्याहून जास्त काड्या कशा उरल्या?' एवढंच विचारा, उत्तर सांगू नका. तिसऱ्या दिवशी मिसळ: 47-15, 54-28, 68-33, 72-39. आधी फक्त 'मोळी सोडावी लागेल की नाही' हे चारही उदाहरणांपुढे लिहून घ्या, वजाबाकी त्यानंतर.