ट्रेंड घरात शिरला, पुढे काय झालं? (अनुभव धागा)

घर लावायला घेतलं की सल्ल्यांना तोटा नसतो. आज सगळं पांढरं, लाकडी, शांत 'जपांडी' (जपानी आणि स्कँडिनेव्हियन शैलींचं मिश्रण) असावंसं वाटतं. उद्या कुणीतरी भिंती, छत, दारं असं सगळं एकाच गडद हिरव्यात बुडवलेलं दिसतं आणि जीव तिकडे ओढला जातो. त्यात पॅन्टोन ही रंगछटांची कंपनी दर वर्षाचा रंग जाहीर करते (२००० सालापासून चालू आहे हे, २०२४ ला फिकट पीच, २०२५ ला मोका तपकिरी) आणि बघता बघता अभ्रे, पडदे, दिव्यांच्या शेड्स सगळे त्याच रंगात न्हाऊन निघतात.

ट्रेंडची यादी इथे नकोय, ती कुठेही मिळते. तुमच्या घरात एखादा ट्रेंड शिरला तेव्हा तुम्ही त्याचं काय केलंत ते सांगा. जसाच्या तसा घेतलात, मोडून-तोडून घेतलात, की उंबऱ्यावरूनच परत पाठवलात? आणि 'हे आमचं घर' असं नेमकं कशामुळे वाटायला लागलं? नावाऐवजी वर घराची ओळख लिहा, म्हणजे वाचताना जागा डोळ्यांपुढे येते. खर्चाचे आकडे टाळा, नाहीतर चर्चा तिकडेच वाहत जाते.

पहिला नंबर माझा.

उत्तरेकडे उघडणारी बैठकीची खोली (धागाकर्ती)

राखाडीची लाट जोरात होती तेव्हा आमचं रंगकाम निघालं. मला राखाडी खरोखर आवडतो, पण आमच्या बैठकीत थेट ऊन येत नाही. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून येतो तो मुख्यतः आकाशाचा विखुरलेला उजेड, आणि त्याला निळसर झाक असते. शेडकार्डवर मऊ दिसणारा राखाडी आमच्याकडे आजारी दिसायचा. म्हणून भिंतीवर ठिपके न लावता मोठ्या पुठ्ठ्यांवर रंगाचे दोन-दोन हात देऊन घेतले आणि ते पुठ्ठे खोलीभर हिंडवले. खिडकीशेजारी, अंधाऱ्या कोपऱ्यात, सोफ्यामागे. सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर. पुठ्ठ्याला चारी बाजूंनी पांढरी किनार सोडायची, नाहीतर मागच्या जुन्या भिंतीचा रंग डोळ्यांना फसवतो.

शेवटी तपकिरीकडे झुकणारा राखाडी घेतला. बऱ्याच शेडकार्डांवर 'एलआरव्ही' नावाचा आकडा असतो, तोही बघा. ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. आमचा साठच्या आसपासचा आहे. दिवे २७०० केल्विनचे, उबदार. त्याच भिंतीवर ६५०० चा पांढराफटक दिवा लावून पाहिला होता, खोली एकदम दवाखान्याची झाली.

तरी खोलीला आमची ओळख मिळाली ती खिडकीमुळे. चौकटीच्या आतल्या जाडीला मी गडद जांभळा दिला. दारातून येणाऱ्याला तो दिसतच नाही, खिडकीत बसणाऱ्यालाच दिसतो. कुठल्याही फोटोत मी हे पाहिलं नव्हतं.

भाड्याचं घर, भिंतीत टाचणीलासुद्धा बंदी

करारातच लिहिलंय: खिळा नाही, रंग नाही, चिकटपट्टी नाही. म्हणजे ज्या गोष्टींवर लोक शैली दाखवतात त्या सगळ्या आमच्या हातून आधीच काढून घेतलेल्या. त्यामुळे माझं घर भिंतींवर नाही, जमिनीवर आहे. मोठी चित्रं भिंतीला टेकवून ठेवलेली, एकापुढे एक, थोडी झाकलेली. छताची ट्यूबलाइट मी लावतच नाही. त्याऐवजी तीन उंचींवर दिवे: एक जमिनीलगत कोपऱ्यात, एक टेबलावर, एक उभा. उजेडाची तळी तयार होतात आणि घरमालकाची पिवळी पडलेली भिंत अंधारात जाते. (ती भिंत बघायची कुणाला हौस आहे?)

गालिचा घेताना एकच पथ्य पाळलं: सोफ्याचे पुढचे पाय तरी त्यावर आलेच पाहिजेत. खोलीच्या मधोमध तरंगणारा छोटा गालिचा खोलीला आणखी लहान करतो.

सारखी घरं बदलावी लागत असल्याने मला सुटं होणारं फर्निचर प्रिय आहे. माझ्या खुर्च्या मिखाएल थोनेट या फर्निचरकाराच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीच्या नकला आहेत. मूळ खुर्ची १८५९ ची, वाफेवर वाकवलेल्या लाकडाची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या. माझ्याकडे दोनच आहेत, पण सामान हलवताना त्या माणसाला मनोमन नमस्कार करतो.

दोघांचं घर, दोन टोकांच्या आवडी

नवऱ्याला रिकामी भिंत लागते. मला रिकामी भिंत बघवत नाही. तो मिनिमलिझमचा भक्त, मी भरगच्चपणाची. मध्यममार्ग काढून पाहिला, तो दोघांनाही आवडला नाही. थोडंसं भरलेलं घर नुसतं अर्धवट दिसतं.

मग भांडण भिंतींवरून उठवून खुर्च्यांवर आणलं. कोण कुठे बसतं आणि बसल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? तो नेहमी सोफ्यावर, तर सोफ्यासमोरची भिंत कोरी ठेवली. एक चित्र नाही, एक फळी नाही. मी बसते समोरच्या आरामखुर्चीत, म्हणून सोफ्यामागची भिंत माझी. ती खालपासून वरपर्यंत भरली आहे: चित्रं, नकाशे, विणलेले तुकडे, एक मोडकं घड्याळ. त्याच्या ती पाठीशी असते, त्यामुळे त्याची तक्रार नाही. दोन्ही ट्रेंड एकाच खोलीत नांदतात आणि पाहुणे कुठे बसतात यावरून त्यांना घर कसं वाटलं ते ठरतं.

भिंत भरणाऱ्यांसाठी कामाचं: आधी चित्रांच्या मापाचे कागद कापून जमिनीवर मांडा, मग भिंतीवर डकवा, चार दिवस राहू द्या, मग खिळे. सगळ्या मांडणीचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर आला की मान वर करावी लागत नाही. बहुतेक लोक चित्रं फार उंच लावतात.

आणि हो, 'खरी आधुनिकता म्हणजे पांढरं' असं नवऱ्याने म्हटलं की मी ल कॉर्ब्युझिएचं नाव काढते. पांढऱ्या घरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या वास्तुकाराने १९३१ मध्ये ४३ रंगांचा संच तयार केला, आणि १९५९ मध्ये त्यात आणखी २० घातले. मग थोडा वेळ शांतता असते.

मांजराचं घर (आम्ही पाहुणे)

बुक्ले कापडाचा गोलसर सोफा. कापडाला बारीक बारीक फासे. मांजराला नखं. पुढचं तुम्ही समजून घ्या. आता त्यावर घट्ट विणीची मखमल चढवली आहे. तिच्यात फासे नसल्याने नख अडकत नाही आणि मांजरालाही ओरबाडण्यात रस उरलेला नाही. रंग मांजराच्या अंगाचा निवडला. लोक म्हणतात काय सुंदर रंगसंगती. केस दिसू नयेत म्हणून घेतलाय हो.

दुसऱ्यांची घरं लावून देणारी

वरच्या मांजरवाल्यांना: गोलसर फर्निचरचा नाद नवा नाही. डिझायनर एरो सारिनेनची 'वूम्ब चेअर' १९४८ ची आहे. माणसाने पाय पोटाशी घेऊन, वाटेल तसं मुरकुटून बसावं म्हणून ती तशी गोल. आज तोच गोलवा दिसतो, पण कित्येक सोफ्यांवर ताठ बसण्याशिवाय पर्याय नसतो. आकार घेतला, कारण सोडून दिलं. माझ्या धंद्यातलं निम्मं दुखणं एवढंच आहे.

माझ्याकडे लोक फोटोंचा गठ्ठा घेऊन येतात. मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, घरी आल्यावर पिशवी कुठे टाकता? फोनवर बोलताना कुठे उभे राहता? रात्री शेवटचा दिवा कोण बंद करतं? यांची उत्तरं मिळाली की घर निम्मं ठरतं. फोटो मग बघायचे, आणि तेही वेगळ्या नजरेने. एकीच्या सगळ्या फोटोंत शैली निरनिराळी होती, बोहेमियन काय, औद्योगिक काय, पण प्रत्येकात खिडकीखाली बसायला जागा होती. तिला शैली नकोच होती, तिला ओटली हवी होती. ती करून दिली. बाकी घर तिने स्वतः लावलं आणि माझ्यापेक्षा चांगलं लावलं.

आता चालू ट्रेंडबद्दल, कारण खाली कुणीतरी विचारणारच. खाचांच्या लाकडी पट्ट्या (फ्लूटेड पॅनेल) देखण्या दिसतात, पण प्रत्येक खाचेत धूळ बसते. हाताशी येणार नाही इतक्या उंच नेऊ नका. स्वयंपाकघरातल्या उघड्या फळ्या शेगडीपासून लांब असतील तरच, आणि रोज वापरातली भांडीच त्यावर. वापरातलं भांडं रोज धुतलं जातं, शोभेच्या भांड्यावर चिकट थर चढतो. चुन्याचा ढगाळ पोत (लाइमवॉश) जुन्या ॲक्रिलिक रंगावर थेट धरत नाही. त्याला शोषून घेणारा खनिज पाया लागतो, नाहीतर त्यासाठीचा खास प्रायमर. मायक्रोसिमेंट म्हणजे सिमेंटच्या लेपाचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थर असतो. खालचा पाया हलला की भेग वर उमटणार. यातलं काहीही करू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः घरी लाइमवॉश केला आहे, हाताचे फटकारे दिसावेत म्हणून रंगाऱ्याला मुद्दाम घाई करू दिली नाही आणि एक भिंत मी मारली. कुठली ते लगेच ओळखू येतं.

जुनं घर, जुनी फरशी

आमच्याकडे सिमेंटात संगमरवराचे तुकडे घालून घासलेली फरशी आहे. मधल्या काळात ज्याने त्याने अशा फरशीवर चकचकीत टाइल्स चढवल्या. आम्हीही चढवणार होतो, पण सासूबाई आडव्या आल्या, म्हणाल्या माझ्या पायांना ही ओळखते. आता तीच टेराझो म्हणून मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकते आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून केलीत? पुन्हा घासून पॉलिश केली, एवढंच. कपाट होतं त्या जागी अजून एक गडद चौकोन आहे. पॉलिशवाला तो घालवून देतो म्हणाला, आम्ही नको म्हटलं.

आईसाठी बदललेलं घर

वर एलआरव्हीचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. घर आम्ही ट्रेंडप्रमाणे आखीवरेखीव बेज केलं होतं. भिंत बेज, दार बेज, सोफा बेज, बटणांचे बोर्डही त्याच छटेचे, म्हणजे 'दिसू नयेत' म्हणून. मग आईची नजर मंदावत गेली आणि खरंच काही दिसेनासं झालं. सोफ्याची कड कुठे संपते, दार उघडं आहे की बंद, तिला कळेना. ती घरात हात पसरून चालायला लागली.

वाचल्यावर कळलं की इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठीच्या ब्रिटिश मानकात लगतच्या पृष्ठभागांच्या एलआरव्हीमध्ये साधारण ३० चा फरक ठेवायला सांगतात. रंग वेगळा असून भागत नाही, उजळ-गडदपणा वेगळा लागतो. लाल आणि हिरवा एकाच गडदपणाचे असतील तर मंद नजरेला दोन्ही एकच. मग आम्ही बेज भिंती तशाच ठेवून दारांच्या चौकटी, बोर्डांभोवतीची पट्टी, पायरीची कड, सोफ्याच्या हातांचं कापड असं सगळं गडद निळं केलं. सगळं मॅट, कारण चकाकीने तिचे डोळे दिपतात.

आई आता बिनधास्त फिरते. गंमत अशी की घराला पहिल्यांदाच चेहरा आला. ती निळी रेघ दारापासून मागच्या खोलीपर्यंत धावते आणि नव्या माणसाला वाटतं डिझायनरने सुचवली. आईला विचारलं तर म्हणते, रंग मी निवडला. ते खरंही आहे, दाखवलेल्यांतला तिला दिसलेला तो एकच होता.

शैली नसलेलं घर

सगळं वाचलं. आमच्या घरात यातलं काही नाही. सोफा भावाने दिलेला, टेबल आधीच्या भाडेकरूचं, पडदे कापड उरलं म्हणून. एकमेकांशी काही जुळत नाही आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. आवड घरावरच दिसली पाहिजे असं कुणी ठरवलं? माझी आवड माझ्या वह्यांत आहे. घर झोपायला आहे.

धागाकर्ती

@शैली नसलेलं घर, तुमचं म्हणणं पटलं. पण 'कापड उरलं म्हणून' शिवलेल्या पडद्यांचा फोटो टाकाच.

शैली नसलेलं घर

फोटो नाही. एक पडदा पट्ट्यांचा, एक ठिपक्यांचा. उरलं तसं.

मुलीच्या खोलीपुढे हात टेकलेले पालक

चौदा वर्षांची मुलगी, तिला छत काळं हवं होतं. भिंती नाही, फक्त छत. आम्ही सांगून पाहिलं की खोली बुटकी दिसेल, अंगावर येईल. ती म्हणाली, मी झोपून वर बघते, तुम्ही दारात उभे राहून बघता. याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. झालं काळं. प्रत्यक्षात आम्हाला वाटलं तितकं बुटकं दिसत नाही. रात्री छत कुठे आहे तेच कळत नाही. भिंतीचा फिकट रंग छताच्या एक वीत आधी थांबवला आणि काळा तिथपर्यंत खाली आणला, त्यामुळे कोपऱ्यांची वाकडी रेघही लपली.

कुणाला करायचं असेल तर दोन गोष्टी. छताला मॅटच घ्या, थोडीशी जरी चकाकी असली तरी गिलाव्याचे सगळे उंचवटे दिव्यात दिसायला लागतात. आणि पांढऱ्यावर काळा चढवायचा तर खाली राखाडी प्रायमर मारून घ्या, नाहीतर रंगारी हातावर हात देत राहील आणि तरी मधून पांढरं डोकावेल.