मदत हवी आहे: पोटगी ठरवताना लग्नाची वर्षं कुठपर्यंत धरतात?

ताईसाठी विचारतोय. लग्न २००७ चं, २०२३ पासून ती माहेरी आमच्याजवळ. दाजींनी २०२५ मध्ये कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा अर्ज टाकलाय. मुलगा १६ वर्षांचा, ताईकडेच आहे. त्याच्या खर्चाचं वेगळं चाललंय, त्यामुळे इथे फक्त ताईच्या पोटगीचं विचारतो.

दाजींचं शिरोलीला मशीन शॉप. रिटर्न बघितलं तर लेथ फुकटच फिरतात की काय असं वाटावं! ताई पिको-फॉल करून महिन्याला सहा-सात हजार मिळवते, साडीगणिक वहीत मांडलेलं आहे. लग्नाआधी नोकरी होती, ती सासरी सोडायला लावली.

कलम २४ खाली अंतरिम, म्हणजे खटला चालू असतानाच्या, पोटगीचा अर्ज दिलाय, मालमत्तेचं शपथपत्रही झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात लग्नाचा कालावधी हा एक निकष धरलाय, आणि ठरावीक सूत्र नसतं, एवढं वाचलंय. मध्यस्थीत मात्र समोरून एकरकमी सहा लाखांवर बोळवण चाललीय. म्हणे वर्षं काय मोजता, ती कमावतेय की. आमचे वकील चांगले आहेत, बदलायचे नाहीत, पण तारखेशिवाय हाताला लागत नाहीत.

कलम २५ ची कायमची पोटगी ठरवताना एकत्र संसाराची १६ वर्षंच धरतात, की घटस्फोटाच्या अर्जापर्यंतची १८? आणि दाजींचं खरं उत्पन्न कागदावर नसताना एकरकमी घेणं बरं की दरमहा?