तिसरा होरायझन कशाला?
विमान किती कललंय (अ‍ॅटिट्यूड) ते मोजणारा सेन्सर असतो आणि तो कल पायलटला दाखवणारं उपकरण म्हणजे होरायझन. असा एक सेन्सर बिघडला तर काय, हा प्रश्न येतो. दोनच असले तर फरक दिसतो पण चुकीचा कुठला ते कळत नाही, म्हणून तिसरा लागतोच. एअरबस ए320 विमानात कॅप्टनचं सेन्सर युनिट गेलं की नॉब फिरवून तिसऱ्याचा डेटा त्यांच्या स्क्रीनवर घेतात, शिवाय स्टँडबाय (राखीव) होरायझन वेगळा असतो. पण तेवढा वेळ मिळायला हवा ना! 1 जानेवारी 1978 ला एअर इंडियाचं 747 मुंबईहून दुबईला निघालं, कॅप्टनचा होरायझन उजवा कल दाखवत अडकला, खाली काळोखा समुद्र, त्यामुळे बाहेर बघूनही कल कळेना, तो उजवा कल खरा समजून त्यांनी विमान डावीकडे कलवत नेलं आणि ते वांद्र्यासमोर पडलं, 213 जण गेले. वाईट याचं वाटतं की स्टँडबाय समोरच होता, फ्लाइट इंजिनिअरने बहुधा अगदी शेवटच्या क्षणी त्याकडे लक्षही वेधलं होतं.